बायोडाटात आपली शख्सियत कशी दिसावी?

पदवी किंवा आयटीआय झाल्यावर कवठे महांकाळची बरीच मुलं-मुली मिरज, कुपवाड एमआयडीसी नाहीतर पुण्यात नोकरी शोधतात. त्यांचे बायोडाटे आमच्याकडे तपासायला येतात. नाव झाकलं तर कोणता कोणाचा ते कळत नाही. सगळ्यांत तेच: 'प्रामाणिक, मेहनती. छंद: वाचन, क्रिकेट.' झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना, दुसरं काय!

नोकरीचा की रिश्त्याचा?

उंची, रंग, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, धर्म ही माहिती रिश्त्याच्या बायोडाटात शोभते. खासगी नोकरीच्या अर्जात मागितली नसेल तर लिहू नये. फोटोचंही तसंच. ती जागा कामाला द्या.

गुण नको, काम लिहा

'मेहनती' हा शब्द कोणीही लिहितो. त्याऐवजी असं लिहा: 'द्राक्ष हंगामात दोन वर्षे बेदाणा शेडवर मजुरांची हजेरी व पगाराचा हिशेब ठेवला.' किंवा 'मोहल्ल्यातल्या मुलांची संध्याकाळची शिकवणी चालवते.' एका ओळीत जबाबदारी, हिशेब, माणसं सांभाळणं सगळं दिसतं. आपल्या मुलांना उर्दू, मराठी, हिंदी लिहिता-बोलता येतं. हा हुनर आहे, तो भाषांच्या रकान्यात ठळक लिहा.

छंद खरा असावा

यूपीएससीच्या मुलाखतीचं अधिकृत नावच 'व्यक्तिमत्त्व चाचणी' आहे. 2025 पैकी 275 गुण तिला असतात आणि उमेदवाराने अर्जात लिहिलेल्या छंदांवरही प्रश्न येतात. लहान कंपनीतही तेच घडतं. 'वाचन' लिहिलं तर शेवटचं पुस्तक कोणतं, हे सांगता आलं पाहिजे.

नावाचं काय?

हा प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात. तो खोटा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. 2007 मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला अनुकूल उत्तर येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश. दलित नावालाही फटका बसलाच, सुमारे दोन तृतीयांश.

उत्तम बायोडाटाने हा भेदभाव संपणार नाही. पण म्हणून नाव लपवू नका, कागदपत्रांत ते येणारच. मशिदीच्या रक्तदान शिबिराची व्यवस्था पाहिली असेल तर तेही संकोच न करता लिहा, ते कामच आहे. अर्ज मात्र दोन-चार ठिकाणी करून थांबू नका. ज्यांनी तुमचं काम पाहिलंय अशा शिक्षकाचं किंवा मालकाचं नाव, त्यांना विचारून, संदर्भासाठी द्या. अनोळखी नावामागे ओळखीचा माणूस उभा राहिला की फरक पडतो.

कुठे उपयोग नाही

पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीत आधी अभियोग्यता चाचणीचे गुण बोलतात, तिथे सजवलेला बायोडाटा कामाचा नाही. मुलाखतीसह पदांसाठी मात्र संस्थेसमोर स्वतःबद्दल बोलावं लागतं.

शेवटचं: नवीन उमेदवाराला एक पान पुरे. लिहून झाल्यावर घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. 'हे तू केलंयस, खरंय' असं अम्मी म्हणाली, की बायोडाटा तयार.