कंपाउंडर ते फार्मासिस्ट : शिरपूर आणि औषध-सुरक्षेचे शिक्षण

डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाचा घोट यांच्या मध्ये उभा असलेला माणूस खानदेशात, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, दीर्घकाळ कंपाउंडर म्हणून ओळखला गेला. तो मिक्श्चर बनवी, पुड्या बांधी आणि बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. पट्टीची एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या रुग्णाचीही मात्रा चुकू नये म्हणून केलेली ही सोय साधी होती, पण अत्यंत मोलाची. हे काम तो डॉक्टरांच्या हाताखाली पाहत-करत शिके. औषध खरे आहे का, दोन औषधे एकत्र चालतील का, हे तपासण्याचे शिक्षण बहुतेकांना मिळत नसे.

ही उणीव सरकारदरबारी ठळकपणे नोंदली गेली ती कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीमुळे. १९३० मध्ये नेमलेल्या या समितीने पुढच्याच वर्षी अहवाल दिला आणि भेसळीबरोबरच औषधे हाताळणाऱ्यांच्या शिक्षणाचाही प्रश्न मांडला. त्यातून १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. फार्मसी कायद्याने नोंदणी आणि किमान शिक्षण ठरवले. मात्र सुरुवातीच्या नोंदवहीत अनुभवाच्या बळावर जुन्या कंपाउंडरांनाही जागा मिळाली. शिकलेली माणसे एकाएकी आणणार कुठून, हा प्रश्न खराच होता. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देऊ नये, हे कलम तर १९८४ मध्ये लागू झाले.

दोनच वर्षांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले, त्यात या सगळ्या व्यवस्थेचा कस लागला. १९८६ च्या आरंभी मेंदू व डोळ्यांच्या विकारांसाठी दाखल झालेल्या रुग्णांना ग्लिसरीन पाजण्यात आले. कवटीतील किंवा डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी ते त्या काळी दिले जाई. या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. हे औद्योगिक द्रावक ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोड असते. डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही, मूत्रपिंडे मात्र निकामी होतात. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून वॉर्डापर्यंतचा माग काढला आणि पुरवठादाराबरोबर रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय यांच्यावरही ठपका ठेवला. भाई सावंत यांना आरोग्यमंत्रिपद सोडावे लागले.

असे विष प्रथमच पोटात गेले होते असे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रावकात बनवलेल्या सल्फानिलामाइडच्या औषधाने शंभरावर बळी घेतले होते, तर १९७२ मध्ये मद्रासला अनेक मुले दगावली होती. धडा उपलब्ध होता, पण तो बाटली उघडणाऱ्या हातांपर्यंत पोचला नव्हता. १९८८ मध्ये औषध नियमांच्या ‘परिशिष्ट एम’मध्ये उत्तम उत्पादन पद्धती बंधनकारक झाल्या. कारखान्यासाठी नियम कडक झाले. औषध देणाऱ्याच्या शिक्षणातील बदल त्यामानाने संथ राहिला.

याच काळात शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. अरुणावतीकाठचे हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आहे. उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे मध्य प्रदेश. जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि १९९२ मध्ये शिरपूर एज्युकेशन सोसायटीचे आर. सी. पटेल फार्मसी महाविद्यालय उभे राहिले. २००७ मध्ये मुंबईच्या नरसी मोनजी संस्थेचेही फार्मसीचे विद्यालय येथे आले. तालुक्याच्या गावाने या विषयात कमावलेले हे स्थान खानदेशाला अभिमानास्पद आहे. तरीही त्या दशकांत देशभरच पदवी अभ्यासक्रमाचा कल कारखान्याकडे आणि प्रयोगशाळेकडे होता. विद्यार्थी गोळी किती वेळात विरघळते ते मोजायला शिके. ती गोळी घेणाऱ्या रुग्णाशी काय बोलावे, हे फारसे शिकत नसे.

रुग्ण-सुरक्षा हा वेगळा विषय म्हणून जगात पुढे आला तो १९९९ च्या अमेरिकी अहवालानंतर. उपचारांतील टाळता येण्याजोग्या चुकांनी तेथील रुग्णालयांत दरवर्षी किमान ४४ हजार माणसे मरत असावीत, असा त्याचा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट अशा सर्वांसाठी मिळून अभ्यासक्रम दिला. भारतात २०१० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा औषधसतर्कता कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे केंद्र दिल्लीच्या एम्समधून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे गेले. नव्या बी. फार्म. अभ्यासक्रमात फार्मसी प्रॅक्टिस आणि ऐच्छिक म्हणून औषधसतर्कता हे विषय आले. औषधांचे परस्परपरिणाम, चिठ्ठीतील चुका, रुग्ण-समुपदेशन या गोष्टी आता परीक्षेला असतात. औषधसतर्कता ऐच्छिक ठेवणे मात्र खटकते. कारण २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली, तेव्हा विष पुन्हा डायएथिलीन ग्लायकॉलच होते. आजारी मुलांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणावे लागले होते.

शिरपूर परिसरात या शिक्षणापुढे आणखी एक अडचण उभी राहते. गावाकडचा रुग्ण अहिराणी बोलतो, सातपुड्यातून उतरलेला पावरा किंवा भिल्ल रुग्ण स्वतःच्या बोलीत. रुग्णाने स्वतः औषधाचा दुष्परिणाम कळवण्याचा सरकारी फॉर्म मराठीत मिळतो, पण ज्याला तो वाचता येत नाही त्याची तक्रार ऐकून घेऊन लिहिण्याचे काम मेडिकलच्या काउंटरवर किंवा आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीवर बसलेल्या फार्मासिस्टलाच करावे लागते.