स्तंभावरचा 'मित्र'

मळवली स्थानकावर उतरले की एका अंगाला भाज्याचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कार्ल्याचा. लोणावळ्यास येणारे पुष्कळ प्रवासी कार्ल्याचे चैत्यगृह पाहून जातात. परंतु तेथील एका स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरलेले दात्याचे नाव सहसा कोणी वाचीत नाही. धेनुकाकट येथील उसभदताचा पुत्र मितदेवणक याने हा स्तंभ दान दिला. 'मित' हे संस्कृत 'मित्र' शब्दाचे प्राकृत रूप होय. बौद्ध चैत्यगृहाचा हा दाता आपल्या नावात एका वैदिक देवतेचे नाव वागवीत होता.

आपण मित्र म्हणजे स्नेही एवढेच जाणतो. वेदांत मात्र मित्र हा वरुणाचा सोबती असलेला देव आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील ५९ वे सूक्त केवळ त्यालाच अर्पिलेले आहे. इ. स. पूर्व चौदाव्या शतकात हित्ती व मितन्नी राजांत झालेल्या तहात साक्षी देवतांमध्ये मित्र-वरुणांची नावे येतात. त्या तहाचे मृत्तिकालेख तुर्कस्तानात बोगाझकोई येथे सापडले. अवेस्तेतील 'मिथ्र' या शब्दाचा अर्थही करार असाच आहे. 'मित्र' या शब्दाचा मूळ अर्थच करार, असे फ्रेंच भाषापंडित आंत्वान मेये यांनी १९०७ साली प्रतिपादन केले.

पुढे संस्कृतात लिंगाप्रमाणे अर्थ वेगळे झाले. पुल्लिंगी मित्र म्हणजे सूर्य, आणि नपुंसकलिंगी मित्र म्हणजे स्नेही. सूर्यनमस्कारातील बारा नावांत पहिले नाव मित्राचेच. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली, त्यांतील सातवे अंग मित्र; तेथे त्याचा अर्थ संकटात साथ देणारा राजा. बौद्धांनी याच शब्दकुळातून 'मैत्री' घेतली आणि भावी बुद्धास 'मैत्रेय' म्हटले.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू मित्रासाठी प्राण देण्याची गोष्ट बोलतो, आणि लगेच शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. मराठी बायबलात तेथे हाच प्राचीन शब्द योजिला आहे. म्हणून तो वाचताना त्यातील कराराचा अर्थ आपण विसरू नये. सणाला शेजाऱ्याच्या घरी फराळाचे ताट पाठविणे सोपे असते. त्याच्यावर बालंट आले असता त्याच्या बाजूने उभे राहणे कठीण. मैत्रीचा करार तेथे पाळला जातो.

कार्ल्यात मितदेवणकाच्या स्तंभाबरोबर यवनांनी दिलेले स्तंभही आहेत. सुमारे दोन हजार वर्षे ते एकाच छताखाली उभे आहेत.