स्वप्नात गेलेलं वर्ष : ‘डॅलस’चं एक पर्व आणि त्याचे प्रेक्षक

गेल्या वेळी आपण ‘बाध’ या शब्दापाशी थांबलो होतो. दोरी दिसली की साप जातो, जाग आली की स्वप्न जातं. याचं एक उदाहरण पुढच्या वेळी घेऊ आणि ते ग्रंथातलं नसेल, असं आम्ही म्हणालो होतो. ते उदाहरण एका अमेरिकी टीव्ही मालिकेचं आहे. हसू नका. त्या मालिकेत एक अख्खं वर्ष बाधित झालं, आणि ते पाहिलेली माणसं त्यावर आजही वाद घालतात.

मालिकेचं नाव ‘डॅलस’. सीबीएस वाहिनीवर १९७८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. टेक्सासमधलं युइंग हे तेलसम्राट घराणं. थोरला मुलगा जे. आर. कपटी, धाकटा बॉबी सरळ, आणि बॉबीची बायको पॅम ही वैऱ्याच्या घरातली मुलगी. भाऊबंदकी, इस्टेट, सासू-सुना. म्हणजे आपल्याला नवीन काहीच नाही. पण १९८० साली जे. आर.वर गोळी कोणी झाडली हा प्रश्न मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत ताटकळत ठेवला गेला. त्याचं उत्तर ज्या रात्री मिळालं, त्या रात्री एकट्या अमेरिकेत आठ कोटींहून अधिक लोक टीव्हीसमोर होते. मालिकेचं सारं भांडवल यातच होतं. जे घडतं त्याला परिणाम असतो, म्हणून उन्हाळाभर वाट पाहायची.

आता १९८५. बॉबीचं काम करणाऱ्या पॅट्रिक डफी यांना मालिका सोडायची होती. १७ मे रोजी बॉबी मेला. पॅमला वाचवताना मोटारीखाली सापडला आणि रुग्णालयात, सगळं घर भोवती असताना त्याने प्राण सोडला. हे लक्षात ठेवा. प्रेत नदीत वाहून गेलं, विमान कोसळलं पण कोणी सापडलं नाही, अशा नेहमीच्या पळवाटा त्यांनी ठेवल्याच नव्हत्या. त्यानंतरचं पर्व ३१ भागांचं. बॉबीवाचूनचं कुटुंब, जहाजांच्या धंद्यातल्या अँजेलिका नीरोचं कारस्थान, आणि पॅमचं दुसरं लग्न. आधीच्या हंगामात मालिका लोकप्रियतेत दुसरी होती, ती या वर्षी सहाव्या-सातव्या जागी घसरली.

पडद्यामागेही बदल झाले होते. सुरुवातीपासून मालिका घडवणारे निर्माते लिओनार्ड कॅट्झमन त्या वर्षी बाजूला होते. सूत्रं होती कार्यकारी निर्माते फिलिप केपिस यांच्याकडे. वर्ष संपताना कॅट्झमन पूर्ण अधिकारासह परतले. जे. आर. साकारणाऱ्या लॅरी हॅगमन यांनी डफींना परत बोलावलं. १६ मे १९८६ च्या भागाच्या शेवटी पॅम जागी होते, न्हाणीघराचं दार उघडते, आणि शॉवरखाली बॉबी उभा. गुप्तता इतकी की तो तुकडा साबणाच्या जाहिरातीच्या मिषाने चित्रित केला गेला. मग पुन्हा उन्हाळाभर तर्क. २६ सप्टेंबरला उत्तर आलं : बॉबी मेलाच नव्हता. तो अपघात, तो मृत्यू, त्यानंतरचे ३१ भाग, सगळं पॅमचं स्वप्न.

इथे आम्हाला एक गोष्ट दिसते, तिच्याकडे चाहत्यांचं लक्ष कमी जातं. स्वप्न पॅमचं म्हणून सांगितलं, पण पुसलं गेलं ते एका निर्मात्याच्या कारकिर्दीतलं वर्ष, परत आलेल्या दुसऱ्या निर्मात्याच्या हाताने. नवा राजा आला की जुन्याचे शिलालेख खोडतात, त्यातलाच हा प्रकार. नट परत हवा होता, हे आम्ही समजू शकतो. रुग्णशय्येवरच्या मृत्यूनंतर दुसरी वाट फारशी उरली नव्हती, हेही खरं. पण त्यासाठी सगळ्यांचंच वर्ष रद्द करण्यात एक बेफिकिरी होती.

आज मागे वळून पाहणाऱ्या चाहत्यांत म्हणूनच सरळ दोन तट दिसतात. एक तट म्हणतो, जे घडलंच नाही ते पाहायचं कशाला? आता डीव्हीडी आहे. अपघाताच्या आदल्या रात्रीवरून थेट शॉवरवर उडी मारा, कथेत खळगा लागत नाही. तर्क बिनतोड आहे. दुसरा तट उत्तर देताना तर्क मांडत नाही, स्यू एलनचं नाव घेतो.

स्यू एलन ही जे. आर.ची बायको, दारूत बुडालेली. त्या पर्वात ती घसरत घसरत रस्त्यावर येते, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात पोचते, आणि मग हळूहळू सावरते. लिंडा ग्रे यांनी ते काम फार ताकदीने केलंय. आम्ही ही मालिका पाहिली ती निवृत्तीनंतर, मुलीकडे असताना, एका पावसाळ्यात. सगळं स्वप्न आहे हे आम्हाला पहिल्या भागापासून माहीत होतं. तरी त्या वॉर्डातल्या बाईकडे बघताना आमचा चहा निवला. हे असं का व्हावं? ती बाई खोटी, आणि त्या खोट्यातही तिचं ते दुःख स्वप्नातलं, म्हणजे दुप्पट खोटं. आणि तिचं सावरणं? शॉवरचं दार उघडलं आणि तेही गेलं. आम्हाला राग आला तो याचा. बॉबी जिवंत निघाला याबद्दल आमची काहीच तक्रार नव्हती.

इथे आचार्यांकडे जाऊ. ब्रह्मसूत्रभाष्यात, आरंभणाधिकरणात, शंकराचार्य स्वप्नाचा विचार करतात. स्वप्नात एखाद्याला साप चावला, स्वप्नात त्याने पाण्यात स्नान केलं. जागा झाल्यावर तो माणूस साप, चावा, स्नान हे सगळं खोटं मानतो. पण ‘मला ते कळलं’ ही जी अवगती, ती खोटी होती असं तो मानत नाही. विषयाचा बाध होतो, अवगतीचा होत नाही. आचार्यांचं प्रयोजन अर्थातच वेगळं होतं, त्यांना असत्यातूनही सत्याची प्राप्ती होऊ शकते हे दाखवायचं होतं. पण भेद आपल्या कामाचा आहे. कॅट्झमन यांनी ३१ भागांतल्या घटनांचा बाध केला. शुक्रवारच्या रात्री जागवून ते भाग पाहणाऱ्यांच्या अवगतीवर त्यांचा अधिकार चालत नव्हता. पहिला तट घटनांबद्दल बोलतो, दुसरा अवगतीबद्दल, आणि दोघांना वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

याला पुरावा त्याआधीचाच आहे. इएन आंग या अभ्यासक बाईंनी नेदरलँड्समधल्या एका स्त्रियांच्या मासिकात छोटी जाहिरात देऊन ‘डॅलस’ आवडतं की नाही ते विचारलं होतं. ४२ पत्रं आली, त्यांवर त्यांनी १९८२ साली पुस्तक लिहिलं. पत्र लिहिणाऱ्यांना ते महाल, त्या मोटारी खऱ्या वाटत नव्हत्या. खऱ्या वाटत होत्या त्या भावना. म्हणजे घटना खोट्या आहेत हे प्रेक्षक पहिल्यापासून जाणून होता. तरी १९८६ मध्ये तो दुखावला. घटना खोट्या ठरल्या म्हणून नव्हे. त्याने ज्या खऱ्या मनाने शोक केला, त्या शोकालाच फजितीत काढलं म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगतो. पुढच्या हंगामात मालिका पहिल्या दहांतून बाहेर गेली, तरी १९९१ पर्यंत चालली. जिने स्वप्न पाहिलं त्या पॅमचं काम करणाऱ्या व्हिक्टोरिया प्रिन्सिपल १९८७ मध्ये स्वतःच बाहेर पडल्या. स्वप्न हा सगळ्यांच्या विनोदाचा विषय झाला. १९९० मध्ये ‘न्यूहार्ट’ या विनोदी मालिकेने शेवटच्या भागात अख्खी मालिकाच स्वप्न ठरवली, आणि लोक खूष झाले. तिथे मात्र कोणाचा शोक पणाला लागला नव्हता.

एक धागा राहिला. ‘डॅलस’मधूनच ‘नॉट्स लँडिंग’ ही दुसरी मालिका निघाली होती, त्याच वाहिनीवर. तिचा नायक गॅरी हा बॉबीचा सख्खा भाऊ. बॉबी मेला तेव्हा त्या मालिकेतही गॅरीने शोक केला होता. पॅम जागी झाल्यावर त्या मालिकेच्या लेखकांनी काय करायचं? त्यांनी आपलं वर्ष पुसायला नकार दिला आणि ‘डॅलस’शी संबंध तोडला. त्यामुळे डॅलसमध्ये बॉबी जिवंत, आणि गॅरीच्या कॅलिफोर्नियात १९९३ मध्ये मालिका संपेपर्यंत तो मेलेलाच. मग ते स्वप्न नेमकं कोणाचं होतं, असं मागे बसलेल्या एका श्रोत्याने चिठ्ठीवर विचारलंय. चिठ्ठी इथे टेबलावर आहे. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिनेच करू.