शिंपी म्हणून सांगितलेला संगीतकार

मुलाचे लग्न ठरले तेव्हा मुलीकडच्यांना सांगण्यात आले की, मुलगा मुंबईत शिंपीकाम करतो. लग्नात बँडवाले 'रतन' चित्रपटातली गाणी वाजवीत होते. असल्या गाण्यांनीच पिढी बिघडते, असे वडीलधारी मंडळी म्हणत होती. आणि त्या गाण्यांचा कर्ता नवरदेव होऊन मान खाली घालून बसला होता. हा किस्सा नौशाद अली स्वतःच सांगत असत.

किस्सा ऐकून सगळे हसतात. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, म्हणून आमचे हसू थोडे अडखळते. आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा गळा चांगला असतो, तो नात स्पर्धेत बक्षीस आणतो. पण पेटी शिकायला पाठवा म्हटले की पालक विषय बदलतात.

नौशाद यांचा जन्म 25 डिसेंबर 1919 रोजी लखनौत झाला. वडील वाहिद अली कचेरीत मुन्शी. मुलगा वाद्यांच्या दुकानात पेट्या दुरुस्त करी आणि मूकपटांच्या खेळाला साथ करी. घर किंवा संगीत, यांपैकी एक निवड, असे वडिलांनी बजावले, तेव्हा त्याने संगीत निवडले आणि 1937 साली मुंबई गाठली. दादरला ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फुटपाथवर त्याने रात्री काढल्या. पुढे वाद्यवृंदात पियानो वाजवला, खेमचंद प्रकाश यांच्या हाताखाली काम केले. 1940 मध्ये 'प्रेमनगर' हा स्वतंत्र चित्रपट मिळाला आणि 1944 च्या 'रतन'ने नाव घरोघर पोहोचवले. म्हणजे ज्या घरांत ते नाव उच्चारायचे नव्हते, त्याही घरांत.

1952 च्या 'बैजू बावरा'विषयी आमच्या सभांतून एकच गोष्ट सांगितली जाते : भजन लिहिणारा मुसलमान, चाल लावणारा मुसलमान, गाणाराही मुसलमान. गोष्ट खरी आहे, पण ती इतक्यांदा सांगून झाली की तिच्यामागची मेहनत कुणाला दिसत नाही. त्याच चित्रपटासाठी नौशाद यांनी उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुसकर यांना एकत्र आणले. सिनेमाच्या गाण्यापासून चार हात दूर राहणाऱ्या गवयांना माइकसमोर उभे करणे सोपे नव्हते. पहिल्या फिल्मफेअर समारंभात संगीताचे पारितोषिक याच चित्रपटाला मिळाले. नौशाद यांना मिळालेले ते एकमेव फिल्मफेअर.

मराठी वाचकाला आणखी एक आठवण सांगावीशी वाटते. 1947 च्या सुमारास लोकल गाडीत अनिल विश्वास यांनी लता मंगेशकरांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. मराठी मुलीचे उर्दू उच्चार कसे असतील, अशी शंका दिलीपकुमारांनी बोलून दाखवली. लताबाईंना ते लागले, आणि त्यांनी मौलानांकडून उर्दू शिकून घेतली. दोन वर्षांनी नौशाद यांच्या 'अंदाज'मध्ये त्या गायल्या. आमच्या पेशाचा हा मोठा मान आहे, पण त्या मौलानांचा पुतळा कुठे नाही!

1960 चा 'मुघल-ए-आझम' हा कळस. त्यानंतर काळ बदलला, वाद्ये बदलली. नौशाद यांचे जुने सहकारी गुलाम मोहम्मद 1968 मध्ये वारले, तेव्हा 'पाकिजा'चे उरलेले संगीत नौशाद यांनी पूर्ण केले. चित्रपट 1972 मध्ये पडद्यावर आला. मित्राच्या नावाखाली राहून केलेले हे काम पार्श्वसंगीताचे. त्यात गाणे नसते, टाळ्या नसतात. प्रसंग पुन्हा पुन्हा पाहून, सेकंद मोजून स्वर बसवायचे असतात. 1981 चा फाळके पुरस्कार मिळाल्यावर पुष्कळांना वाटले की आता गृहस्थ विश्रांती घेईल.

पण मग दूरदर्शन आले. अकबर खान यांची 'अकबर द ग्रेट' आणि संजय खान यांची 'द सोर्ड ऑफ टिपू सुलतान' या दोन्ही मालिकांना संगीत नौशाद यांचे. टिपूच्या चित्रीकरणात 8 फेब्रुवारी 1989 रोजी म्हैसूरच्या प्रीमिअर स्टुडिओत आग लागून 62 माणसे दगावली. मालिका पडद्यावर आली तीही वादाच्या धगीत. ही कादंबरीवर बेतलेली कल्पित कथा आहे, अशी सूचना दाखवावी लागली. टीकाकार हा काळ उताराचा धरतात. आम्हांला ते पटत नाही. सिनेमाची पायरी न चढणारी आमच्या घरांतली वडील मंडळी टिपूसाठी टीव्हीपुढे बसत, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या लोकांच्या बैठकीत वाजणारे सूर लखनौच्या घरातून हाकलल्या गेलेल्या मुलाचे होते. पन्नास वर्षांनी का होईना, संगीत त्याच उंबरठ्यातून आत आले आणि कुणी त्याला शिंपी म्हटले नाही.

2005 च्या 'ताजमहाल'पर्यंत ते काम करीत राहिले. 5 मे 2006 रोजी त्यांचे निधन झाले आणि जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात दफन झाले. तिथेच महंमद रफी, तिथेच साहिर, तिथेच मधुबाला. 2010 मध्ये नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून या सगळ्यांच्या पक्क्या कबरी काढून टाकण्यात आल्या. बाहेरच्यांना याचा धक्का बसला. आम्हांला वाईट वाटले, पण राग आला नाही. उपनगरांत जमीन किती उरली आहे ते दफनाला खांदा देणाऱ्याला कळते, आणि पक्की कबर हा काही आमचा दंडक नाही. फक्त शाळेची सहल घेऊन गेलो तर मुलांना दाखवायचे काय, हा प्रश्न राहतो.

वांद्र्याला समुद्रकाठी, जिथे त्यांचे 'आशियाना' हे घर होते, तिथल्या रस्त्याला आता संगीतसम्राट नौशाद अली मार्ग असे नाव आहे. रिक्षावाल्याला मात्र कार्टर रोड असेच सांगावे लागते.