चोखोबाची धर्मशाळा

आम्ही चौथी शिकलेलो, जन्म गेला शेतात अन् कीर्तनात. पण दिंडीला 100 वर्षं झाली, तवा मंडळी म्हणाली, आपली माणसं पंढरीत उतरत कुठं, ते लिहा.

जुन्या धर्मशाळांची बांधणी बहुतेक एकसारखी. रस्त्याच्या अंगाला मोठा दरवाजा, त्यात वाकून जायचं लहान दार. त्या दारालाही दिंडीच म्हणतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आत देवडी, मग उघडा चौक, भोवती लाकडी खांबांची ओसरी, मागं खोल्या. खोल्या थोड्या, ओसरी लांब; कारण एका छपराखाली शेकडो माणसं निजवायची. चौकात भजन, ओसरीवर पथाऱ्या, पडशी उशाला.

पण त्या लहान दारातून सगळे जात नव्हते. नागपूरकडचे वारकरी आगगाडीनं कुर्डुवाडीला येत. तिथून 1906 पासून बार्शी लाईटची लहान गाडी पंढरपुरात नेई. डब्यात सारे एकत्र, उतरले की महार मंडळी वेगळी. आपल्याच दिंडीत एक पखवाजवाला होता, आमचा आजा सांगे. दिवसा पखवाज त्याचा, रात्री ओसरी आपली. तो वाळवंटात निजे. आजा भाकर नेऊन देई, पण आत या म्हणाला नाही. हे सांगताना म्हाताऱ्याची मान खाली जाई.

गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले, शेंडगावचे, जन्म 1876 चा. त्यांनी 1920 च्या सुमारास पंढरपुरात या लोकांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. ज्या चोखोबाची समाधी महाद्वाराशी बाहेर, त्याच्या नावानं आत निजायची जागा झाली! बाबा स्वतः मात्र अशा इमारतीत राहिले नाहीत.

1947 ला सानेगुरुजींनी उपोषण केलं अन् विठ्ठलाचं मंदिर सर्वांना उघडलं. 1949 ला बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. तिथं पोरांचं वसतिगृह झालं. यात्रेकरूंची जागा गेली म्हणून कोणी कुरकुरलं असेल. आम्हाला तर हा निर्णय बाबांच्या साऱ्या बांधकामांहून मोठा वाटतो.

1956 च्या 14 ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली. डिसेंबरात आधी बाबासाहेब गेले, चौदा दिवसांनी गाडगेबाबा. त्या पखवाजवाल्याचं घर वारीतून निघालं. जाताना पखवाज त्यानं आज्याच्या हाती दिला. काही बोलला नाही. पुड्या दोनदा बदलल्या, खोड तेच आहे. एकादशीला आम्ही त्याच्यावरच भजन करतो.