बोलक्या ताटल्यांची मागची बाजू

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या मध्यमवर्गीय घरांत एक गमतीची वस्तू आली. चित्र छापलेली पांढरी ताटली. तिकडे तिला ‘आसिएत पारलांत’, म्हणजे बोलकी ताटली म्हणतात. वीतभर व्यास, मधोमध बहुधा काळ्या शाईतलं चित्र आणि खाली एखादी ओळ मजकूर. विषय नाना तऱ्हेचे: नेपोलियनच्या लढाया, ला फाँतेनच्या बोधकथा, शिपायांचे विनोद, चित्रकोडी. संच बहुधा बाराचा, प्रत्येकीवर क्रमांक. जेवणाच्या शेवटी गोड पदार्थ या ताटलीत यायचा. तो संपला की खालचं चित्र दिसायचं आणि टेबलावर गप्पांना विषय मिळायचा.

माझ्या संग्रहात अशा सात ताटल्या आहेत. पेशानं मी इंजिनिअर, त्यामुळे पहिला प्रश्न पडला तो हे छापलं कसं, हाच. आपण सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो, पण ही पोर्सेलीन नव्हे. पोर्सेलीनची पातळ बशी उजेडासमोर धरली की प्रकाश आरपार झिरपतो, हिच्यातून नाही. ही सच्छिद्र पांढरी माती, वर पारदर्शक काचेचा लेप. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात धातूच्या ऑक्साइडची तेलकट शाई भरायची, पातळ कागदावर छाप घ्यायचा आणि तो ओला असतानाच भाजलेल्या ताटलीवर घासून चिकटवायचा. कागद पाण्यानं काढून टाकायचा, मग लेप देऊन पुन्हा भट्टीत. एका पत्र्यावरून शेकडो ताटल्या निघत, म्हणून त्या स्वस्त पडत.

ही युक्ती मूळची इंग्लंडची, १७५० च्या दशकातली. फ्रान्समध्ये स्टोन, कोकरेल आणि लग्रो दानिझी यांनी १८०८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे क्रेय आणि मोंतेरो (हे दोन कारखाने १८४० मध्ये एक झाले), शुआझी-ल-रुआ, सारगमिन अशा कारखान्यांनी ढिगानं माल काढला.

यातलं सारगमिन आपल्या सीमाभागातल्या वाचकांनी नीट पाहावं असं आहे. गाव लोरेन प्रांतातलं. १८७१ च्या फ्रँकफर्ट तहानं ते जर्मनीत गेलं आणि सरकारी कागदांवर त्याचं नाव ‘सारगेम्युंड’ झालं. कारखाना जागच्या जागी, कामगार तेच, पण गिऱ्हाईक आता सरहद्दीपलीकडे आणि मधे जकात! मालकांनी त्याच दशकात फ्रान्सच्या हद्दीत, बर्गंडीतल्या दिग्वें इथे दुसरा कारखाना काढला. म्हणून पुष्कळ ताटल्यांच्या पाठीवर ‘दिग्वें’ आणि ‘सारगमिन’ अशी दोन्ही नावं एकाच शिक्क्यात दिसतात. पहिल्या महायुद्धानंतर गाव फ्रान्सकडे परत आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीनं घेतलं, युद्धानंतर पुन्हा फ्रान्समध्ये.

मी बेळगावचा. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आमच्याकडे राज्य बदललं, तिथे देश बदलला. दोन्ही गोष्टी एका मापानं मोजता येणार नाहीत. पण सीमा हलली की बाजार, पाट्या, गावाचं नाव यांचं काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मला चित्रापेक्षा तो शिक्का जास्त बोलका वाटतो.

बाजारात मात्र किंमत चित्राची, पूर्ण संचाची आणि ओरखडे नसण्याची. ज्यांना संग्रह करायचा आहे त्यांना एवढंच सांगेन: नखानं टिचकी मारा, बद्द आवाज आला तर तडा असण्याची शक्यता. शिक्क्यात ‘फ्रान्स’ शब्द असेल तर ताटली बहुधा १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. आणि सुरीचे ओरखडे दिसले म्हणून नाक मुरडू नका. ही ताटली कपाटात न राहता कुणाच्या तरी जेवणात होती, याचा तो पुरावा आहे.

आपल्या घरांतल्या जुन्या कपबश्यांनाही हे लागू पडतं. फोटो काढाल तेव्हा पाठीचाही काढा, आणि ती वस्तू घरात कुणी, कुठून आणली हे सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून ठेवा.