जुन्या सोयींस निरोप

ग्रंथालयांतील जुनी सोय केव्हां बंद करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. नवी आली कीं जुनी काढावी, असें आपण सहज म्हणतों. परंतु करवीरचा इतिहास पाहतां आम्हांस निराळा बोध होतो.

सन १८५० मध्यें येथें 'कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी' निघाली. तीच संस्था आज करवीर नगर वाचन मंदिर या नांवानें चालू आहे. पहिल्या नांवांत परक्या राज्यकर्त्यांची दृष्टि होती. तें गेलें, आणि त्यावांचून एकाही वाचकाचें अडलें नाहीं. अशा गोष्टी खुशाल टाकाव्या.

कायद्याची गोष्ट याहून नाजूक होती. १९४५ सालीं कोल्हापूर संस्थानानें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनीं झाला. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य गेलें, तरी त्याचा हा कायदा मागें उरला. १९६७ सालीं महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला, तेव्हां कोल्हापूरचा १९४५ चा व हैदराबादचा १९५५ चा असे दोन्ही कायदे रद्द झाले. ध्यानांत ठेवण्याजोगें हें कीं, जुनें रद्द करणारा व नवी व्यवस्था लावून देणारा कायदा एकच होता. मध्यें रिकामी जागा राहिली नाहीं.

हीच कसोटी आतां सूचीच्या कार्डांस लावूं. अमेरिकेंतील ओ.सी.एल.सी. ही संस्था १९७१ पासून ग्रंथालयांना छापील कार्डें पुरवीत असे. १ ऑक्टोबर २०१५ रोजीं तिनें शेवटचीं छापलीं. संगणकावर शोध क्षणांत लागतो, हें खरेंच. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं मांडलेल्या पांच सूत्रांत वाचकाचा वेळ वांचविण्यास चौथें स्थान आहे. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळावें, हें सूत्र मात्र दुसरें आहे. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. हातानें लिहिलेलें एखादें कार्ड संगणकांत उतरवावयाचें राहिलें, तर पुस्तक फळीवर असूनही हरवल्यासारखेंच होय. आणि ज्या वृद्ध वाचकाचा हात अजून त्या खणाकडेच जातो, त्यास नवी रीत शेजारीं बसून कोणी दाखविली नाहीं, तर त्याचेंही पुस्तक हरवलें.

म्हणून कार्डांचें कपाट हलविण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या: प्रत्येक नोंद पलीकडे पोंचली काय, आणि प्रत्येक वाचक पोंचला काय. दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें, म्हणजे कपाट खुशाल हलवावें.